टक्केवारी कोण ठरवतो?

१२ जून २०२४ रोजी पहाटे कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागली आणि सुमारे पन्नास जणांचा बळी गेला. मृतांतील बहुसंख्य भारतीय होते. दोन दिवसांत हवाई दलाच्या विमानाने पार्थिवे कोचीला पोहोचली. भारत सरकारने वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपये जाहीर केले आणि कामगारांच्या कंपनीनेही मदत देऊ केली. त्या प्रसंगी हे सारे आवश्यकच होते. परंतु मदत आणि नुकसानभरपाई या भिन्न गोष्टी आहेत. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. भरपाई हा हक्क असतो, आणि मालक व कामगार यांच्यात मतभेद झाल्यास तो हक्क कोणा तिऱ्हाइताने निर्णय देऊन ठरवावा लागतो.

मंगफची बातमी जगभर गेली. परांचीवरून पडलेला गवंडी, यंत्रात बोटे गेलेला फिटर, पाठीचा मणका दुखावलेला हमाल यांची बातमी होत नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो एक वैद्यकीय अहवाल आणि त्यातला एक आकडा. अपंगत्व किती टक्के, एवढेच त्यात लिहिलेले असते, पण पुढचे सारे आयुष्य त्या आकड्यावर तोलले जाते. म्हणून भरपाईची रक्कम किती असावी, याच्याही आधी हा आकडा कोण ठरवतो आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

कुवेतच्या खासगी क्षेत्रातील कामगारांना २०१० चा कायदा क्रमांक ६ लागू आहे. कागदावर तो कमकुवत नाही. कामावर किंवा कामावर जाता-येता झालेल्या अपघाताची खबर मालकाने तातडीने पोलीस ठाण्यास व श्रम विभागास द्यायची असते. उपचारांचा खर्च मालकाचा. उपचारकाळात पहिले सहा महिने पूर्ण पगार आणि त्यानंतर बरे होईपर्यंत किंवा अपंगत्व सिद्ध होईपर्यंत अर्धा पगार. भरपाई सरकारने ठरवून दिलेल्या तक्त्यानुसार. वैद्यकीय अहवाल मान्य नसल्यास मालक किंवा कामगार, कोणालाही तो कळल्यापासून एका महिन्याच्या आत आरोग्य मंत्रालयाच्या वैद्यकीय लवाद समितीकडे हरकत घेता येते. बाकीच्या वादासाठी आधी श्रम विभागाकडे अर्ज करायचा, आणि महिन्याभरात तडजोड न झाल्यास प्रकरण न्यायालयात जाते. कामगाराच्या दाव्याला न्यायालयीन शुल्क माफ आहे.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद फारशी चर्चिली जात नाही. कामगाराने स्वतःहून इजा करून घेतली किंवा त्याच्या गंभीर गैरवर्तनामुळे, उदाहरणार्थ नशेत असताना किंवा सुरक्षेच्या स्पष्ट सूचना मोडल्यामुळे, अपघात घडला, तर भरपाई नाकारता येते. मात्र मृत्यू ओढवला किंवा २५ टक्क्यांहून अधिक कायमचे अपंगत्व आले, तर हा अपवाद लागू होत नाही. म्हणजे डॉक्टरने २४ लिहिले तर मालकाच्या हाती ‘हेल्मेट घातले नव्हते’ हा बचाव उरतो, आणि २६ लिहिले तर तो गळून पडतो. टक्केवारीतल्या या लहानशा फरकाने थोड्या पैशांचा नव्हे, संपूर्ण हक्काचा निकाल लागू शकतो. आणि तो आकडा तपासून घेण्याची मुदत अवघी एक महिना!

हा महिना कसा जातो, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. कामगार रुग्णालयात किंवा खोलीवर पडून असतो. कागद अरबीत असतात आणि ते कंपनीच्या मंदूबमार्फत फिरतात. इकामा ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्धच हरकत घ्यायची असते. त्यात ‘हिशेब पूर्ण मिळाला’ असे लिहिलेला कागद सहीसाठी पुढे येतो. कराराच्या काळात किंवा करार संपल्यानंतर तीन महिन्यांच्या आत कायद्यातील हक्क सोडून देणारी तडजोड कामगाराने केली, तरी ती रद्दबातल ठरते, असे हाच कायदा सांगतो. पण हे ठाऊक असलेला कामगार विरळा.

निर्णय देणाऱ्याचे काम आकडेमोडीपुरते नसते, याचा उत्तम दाखला भारतीय न्यायव्यवस्थेत आहे. ओडिशात एका चित्रपटगृहाच्या बांधकामावर पडलेल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. कायद्याच्या परिशिष्टात अशा इजेसाठी ठरावीक टक्केवारी होती आणि मालकाचा आग्रह तिच्यावरच होता. नुकसानभरपाई आयुक्तांनी मात्र सुताराचे अपंगत्व संपूर्ण मानले. ‘प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली तो निर्णय उचलून धरला. एका हाताने सुतारकाम होत नाही, हे त्यामागील साधे कारण. शरीराचा किती भाग गेला यापेक्षा पोट भरण्याची किती क्षमता गेली, हे न्याय करणाऱ्याने पाहायचे असते. तोच हात कारकुनाचा असता तर उत्तर कदाचित निराळे आले असते.

जगात इतरत्र या कामासाठी स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात १९८५ पासून स्वतंत्र अपील न्यायाधिकरण आहे. आधी भरपाई नाकारणारे मंडळ आणि अपील ऐकणारे न्यायाधिकरण तेथे वेगळे ठेवलेले आहेत. काही प्रकरणांत अध्यक्षांसोबत मालकवर्गाचा एक आणि कामगारवर्गाचा एक असे सदस्यही बसतात. दोन्ही बाजूंचा पुरावा तुल्यबळ असेल, तर संशयाचा फायदा कामगाराला द्यावा, असे तेथील कायदाच सांगतो. ताकदीचा तराजू मुळातच झुकलेला असतो, याची ती प्रामाणिक कबुली होय.

भारताच्या १९२३ च्या कायद्यात १९९५ साली झालेल्या दुरुस्तीनेही दोन चांगल्या गोष्टी केल्या. अर्जदार जेथे राहतो तेथील आयुक्तांकडे दावा दाखल करण्याची मुभा मिळाली, आणि भारतात नोंदणी झालेल्या कंपनीने भरती करून परदेशी पाठवलेल्या कामगारालाही संरक्षण मिळाले. हा कायदा आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. पण कुवेती कंपनीत नोकरी करणाऱ्या रत्नागिरीच्या वा सोलापूरच्या माणसाला ते संरक्षण पुरेसे नाही. तो गावी परतला की त्याचा दावा मुखत्यारपत्र आणि ओळखीपाळखी यांवर तरंगत राहतो. प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाखांचे संरक्षण मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरते आहे.

येथील कायदा बदलणे आपल्या हाती नाही. तो एक महिना वाया जाऊ न देणे मात्र आहे. अहवालाची प्रत मिळताच तिचे भाषांतर करून देणारा अरबी जाणकार, टक्केवारी योग्य आहे का हे सांगणारा डॉक्टर आणि अर्ज दाखल होईपर्यंत पाठपुरावा करणारा एखादा कार्यकर्ता, एवढी फळी मराठी मंडळांना उभी करता येईल. गरजू कामगाराच्या वकिलाच्या खर्चासाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. दुर्घटनेनंतर वर्गणी गोळा करण्यात आपण कधीच मागे पडत नाही. मुदतीत दाखल झालेली एक हरकत त्या वर्गणीपेक्षा अनेकदा मोलाची ठरेल, कारण तिने मिळालेल्या पैशासाठी जखमी माणसाला कोणाचे उपकार मानावे लागणार नाहीत.