जंजिऱ्याचे सिद्दी व हैती

आमच्या नवी मुंबईंतील मुलें सहलीहून परत आलीं, कीं त्यांच्या वहींत जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेचें नांव असतें. पण किल्ल्याचे धनी सिद्दी मूळचे आफ्रिकेचे, ही ओळ नसते. सिद्दीनें कोंकणच्या रयतेस दिलेला जाच मी झांकूं इच्छीत नाहीं. तरी ज्यांचे कित्येक पूर्वज गुलाम म्हणून ह्या देशीं आले, त्यांस केवळ शत्रु म्हणून ओळखणें अपुरें आहे. लहानपणीं विकला गेलेला हबशी मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला व १६१० सालीं त्यानें खडकी शहर वसवून तेथें नहरीनें पाणी खेळविलें.

दूर हैती बेटांत तर गुलामांनीं लढून १८०४ सालीं राष्ट्रच स्थापिलें. शेजारधर्महि पाळला: १८१६ सालीं तेथील अध्यक्ष पेत्यों ह्यांनीं दक्षिण अमेरिकेच्या बोलिव्हारास शस्त्रें दिलीं, आणि मोबदल्यांत तिकडील गुलामांची मुक्तता तेवढी मागितली. फ्रान्सनें मात्र १८२५ सालीं ह्याच हैतीकडून जुन्या मळेवाल्यांसाठीं पंधरा कोटी फ्रँक मागितले! मुक्त झालेल्यानेंच भरपाई द्यावी, हा कोणता न्याय?

जंजिरा संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. पालकहो, हैतीचा धडा आमच्या पुस्तकांत येईल तेव्हां येवो. सिद्दींचा तरी यंदाच्या सहलीपूर्वीं शिकवावा, असें माझें मत आहे.