गाणं पाठवता, मग गाणाऱ्याचं नाव का गाळता?

मुक्काम वाराणसी कॅन्टोन्मेंट.

या वेळी घाट, गल्ल्या आणि कचोरी यांवर लिहिणार नाही. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. या वेळी भांडायचं आहे, आणि तेही आपल्याच माणसांशी. माजी सैनिकांच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचाराच्या पाठोपाठ एखादं सुरेल गाणं येतं. खाली लिहिलेलं असतं, ‘अप्रतिम! शेवटपर्यंत ऐका.’ ऐकतो. खरंच अप्रतिम असतं. मग विचारतो, गातंय कोण? उत्तर ठरलेलं: ‘माहीत नाही, मलाही आलंय.’

लष्करातला कोणताही संदेश घ्या. कुणाकडून, कुणाला, किती वाजता, हे रकाने रिकामे असतील तर ऑपरेटर तो पुढे ढकलत नाही. प्रेषक नसलेला संदेश म्हणजे कागदाचा चिटोरा. वीस-पंचवीस वर्षं ही शिस्त अंगी बाणवलेला माणूस निवृत्त झाल्यावर दिवसाला दहा बेवारस क्लिप पुढे ढकलतो आणि त्याला रसिकता म्हणतो. ही रसिकता नाही. ज्याच्या गळ्यातून किंवा बोटांतून तो सूर आला, त्याला आपण परस्पर वगळतो आहोत.

बनारसमध्ये हे डोळ्यांसमोर दिसतं. अस्सी घाटावर २०१४ पासून रोज पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ होतं. आरती होते, मग कुणी गायक किंवा वादक सकाळचा राग घेऊन बसतो, शेवटी योगासनं. कलाकार कोण, साथीला कोण, हे माइकवर सांगितलं जातं. समोर शंभर मोबाइल उभे असतात. तासाभरात त्याच सुरांवर लोकांच्या रील निघतात: उगवता सूर्य, नाव, चहाचा कुल्हड, स्वतःचा चेहरा. ज्याने पहाटे तीनला उठून तानपुरा जुळवला त्याचं नाव कुठेच नाही. युनेस्कोने २०१५ मध्ये वाराणसीला ‘संगीताचं शहर’ म्हणून आपल्या यादीत घेतलं. शहराच्या नावापुढे मान लागला, वाजवणाऱ्याचं मात्र नावच गेलं.

‘कलेला नाव-गाव नसतं’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. याच गावचा कबीर पदाच्या शेवटी स्वतःचं नाव घालतो. आपले तुकोबा अभंगाच्या शेवटी नाव घालतात. आणि एकनाथ महाराज? ज्यांनी आपलं भागवत १५७३ मध्ये याच काशीत पूर्ण केलं, ते स्वतःच्या नावाला जोडून गुरू जनार्दनांचंही नाव घेतात. ख्यालाच्या बंदिशींत ‘सदारंग’ हे नाव येतं. ते मुहम्मदशहाच्या दरबारातले नियामत खाँ. अठराव्या शतकातला तो माणूस आज कोल्हापूरच्या गाणाऱ्या मुलीलाही माहीत आहे, कारण त्याने आपलं नाव बंदिशीतच ओवून ठेवलं होतं. अहंकार सोडा म्हणून सांगणाऱ्या संतांनीही नाव सोडलं नाही. हे कुणाचं, एवढं तरी ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे.

तबकडी आली तेव्हाही हाच प्रश्न होता. गौहर जान लहानपणी आईबरोबर बनारसला राहिली, पुढे कलकत्त्याला गेली. १९०२ मध्ये तिथे ग्रामोफोन कंपनीने तिचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपलं की ती शेवटी मोठ्याने, इंग्रजीत, स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या माणसांना हे कुणाचं गाणं हे कळायला त्याचा उपयोग होई. एकशेवीस वर्षांपूर्वी, तीन मिनिटांच्या तबकडीत, एका बाईने नावासाठी जागा काढली. आपल्या हातात अख्खा फोन आहे आणि आपल्याला दोन शब्द टाइप करायला वेळ नाही.

आता घरचं उदाहरण. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी म्हणजे चित्रपटातलं पात्र. गाणं रेडिओवर वाजलं आणि श्रोत्यांनी पत्रं पाठवून विचारलं, ही गाणारी कोण? मग रेडिओने कंपनीकडे चौकशी केली आणि लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोहोचलं. नीट लक्षात घ्या. तो आवाज लतादीदींचा होता, तरीही नाव बाहेर यायला श्रोत्यांची पत्रं लागली. ‘चांगलं असेल ते आपोआप वर येतं’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. आपोआप काहीच वर येत नाही, कुणीतरी विचारावं लागतं.

आपण फौजी तर हे विसरूच शकत नाही. विविध भारतीच्या ‘जयमाला’त जवानाचं नाव वाचलं की अख्खी बॅरॅक ओरडायची. आणि गाण्याआधी निवेदक चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार अशी सगळी नावं सांगायचा. ऐकणाऱ्याचंही नाव आणि गाणाऱ्याचंही नाव. आपली पिढी गाणं अशा रीतीने ऐकायला शिकली. मग मोबाइल हातात आल्यावर काय झालं?

आता हिशेबाचं बोलू, कारण नुसत्या भावनेवर कुणी सवय बदलत नाही.

पहिली गोष्ट. तुम्ही व्हिडिओची फाइल पुढे पाठवता तेव्हा ती हजार लोकांनी पाहिली तरी कलाकाराच्या खात्यावर एकही नोंद होत नाही. तुम्ही त्याच्या चॅनेलची लिंक पाठवता तेव्हा प्रत्येक ऐकणं मोजलं जातं. बोटाला कष्ट तेवढेच.

दुसरी. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मिळायला किमान १,००० सदस्य आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं (किंवा छोट्या शॉर्ट्सना नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यू). अर्ध्या तासाचं सतारवादन असेल तर ते आठ हजार वेळा पूर्ण ऐकलं गेलं की चार हजार तास होतात. कबीरचौऱ्यातल्या एखाद्या तरुण तबलजीने ते आठ हजार आणायचे कुठून?

तिसरी. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम आहे: मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याला रॉयल्टी नाही. ऐकणारी माणसंही वेगवेगळी असावी लागतात. शिवाय तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं धरतात. म्हणजे अडीच मिनिटांचं गाणं ऐका किंवा चाळीस मिनिटांचा राग ऐका, नोंद एकच. विलंबित ख्याल गाणाऱ्याने या तराजूत कसं टिकायचं ते सांगा.

आता आपली संख्या मोजा. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात. दोनशे माणसांचा ग्रुप धरा. प्रत्येकाने एक गाणं वर्षात फक्त पाच वेळा ऐकलं, तर हजार झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बेळगाव, जिथे घरटी एक फौजी आहे तिथे असे किती ग्रुप असतील? एखाद्या अनोळखी कलाकाराला हा उंबरठा ओलांडून देणं ही आपल्यासाठी एका रविवारची गोष्ट आहे.

हजार ऐकण्यांतून मिळणारी रक्कम किरकोळच असते, हेही सांगतो. पण ऐकणारे दिसले की बैठकीचं बोलावणं येतं, फोनवर शिकवायला शिष्य मिळतात, एखादा माणूस अल्बम विकत घेतो. बॅन्डकॅम्पसारख्या ठिकाणी डिजिटल अल्बमच्या किमतीतले पंधरा टक्के ते ठेवतात, बाकीचे बहुतांशी कलाकाराकडे जातात. पोट भरतं ते या वाटांवर. त्या वाटेचं दार नावाने उघडतं.

इथे एक गट हमखास उठतो: ‘कलाकाराने पैशाचा विचार करू नये, कला ही साधना आहे.’ त्यांना एवढंच विचारतो. २०१५ च्या जूनमध्ये आपले ज्येष्ठ ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ मागत दिल्लीला जंतरमंतरवर बसले. तेव्हा कुणी येऊन म्हणालं असतं, ‘देशसेवा केलीत ना, मग पैसे कशाला?’ तर त्याला तुम्ही काय उत्तर दिलं असतं? तेच उत्तर सारंगीवाल्याचंही आहे असं समजा. सेवा आणि साधना दोन्ही खऱ्या, आणि किराणा दुकानाचं बिलही खरं.

संकटमोचन मंदिरातला संगीत समारोह १९२३ पासून चालतो. रात्रभर देशातले मोठे कलाकार गातात-वाजवतात, तिकीट नाही. त्याचा दाखला देऊन लोक म्हणतात, बघा, बनारसमध्ये संगीत फुकट असतं. चूक. तिथे कलाकार हनुमानाच्या चरणी हजेरी लावतो. ते त्याचं दान आहे. त्याने देवाला दिलेलं दान म्हणजे आपल्याला मिळालेला हक्क नव्हे. आणि मराठी माणसाला हे दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते संस्थानिकांच्या मर्जीवर नाही, लोकांच्या पैशावर आणि तिकिटाच्या मैफलींवर. भातखंडे बंदिशी गोळा करत देशभर फिरले, आणि त्यांच्या अखिल भारतीय संगीत परिषदांपैकी एक १९१९ मध्ये याच बनारसमध्ये भरली. गाणाऱ्याला रस्ता करून देणं हे आपल्या पूर्वजांनी अंगावर घेतलेलं काम आहे.

दुसरा आक्षेप: ‘आम्हाला शास्त्रीय कळत नाही, आम्ही काय शिफारस करणार?’ कळायची गरज नाही. ‘हे ऐकून नाइट ड्यूटीनंतर झोप लागली’ एवढं लिहिलं तरी पुरे. शिफारस करणारा समीक्षक नसतो, तो ओळखीचा माणूस असतो, म्हणूनच त्याचं ऐकलं जातं. यंत्र तुम्हाला कालच्यासारखंच आज ऐकवतं. ज्याचं तुम्ही कधी काही ऐकलेलंच नाही ते तुमच्यापुढे माणूसच आणून ठेवतो.

हे जमतं याचा पुरावा आहे. माळव्यातल्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया हे शाळामास्तर, तंबुऱ्यावर कबीर गाणारे. बेंगळुरूच्या शबनम विरमानी यांनी ‘कबीर प्रोजेक्ट’मधून टिपानियांना आणि इतर लोकगायकांना नाव, गाव, पदाचे शब्द आणि अर्थ यांसह लोकांपुढे ठेवलं. गावाच्या पंचक्रोशीतला आवाज जगभर ऐकला जाऊ लागला. २०११ मध्ये टिपानियांना पद्मश्री मिळाली. मोठेपण त्यांचं स्वतःचंच; पण नाव-गावासह पोहोचवणारं कुणीतरी होतं.

तर माझ्याकडून आजची तीन नावं, ज्यांना इथे आल्यावर जास्त जवळून ऐकलं. पहिलं, अनोखेलाल मिश्र: ‘ना धिं धिं ना’ एवढ्या साध्या बोलात तबल्याचं अख्खं आकाश. दुसरं, गिरिजादेवींची चैती: चैत्रातल्या उन्हाची तगमग त्या आवाजात आहे. तिसरं, हीरालाल यादव: भोजपुरी बिरहा गाणारे, २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी गेले. आपला पोवाडा आवडणाऱ्याला बिरहा लगेच कळेल; तोच दम, तीच गोष्ट सांगण्याची ओढ. हे तिघे आज हयात नाहीत. म्हणून त्यांच्यानंतर तुमची पाळी: तुमच्या तालुक्यातला एक जिवंत कलाकार शोधा. शाहीर, भजनी मंडळातला पखवाजिया, गिटारवर स्वतःची मराठी गाणी गाणारी कॉलेजची पोरगी, कुणीही, ज्याच्यामागे कंपनी नाही.

आणि पाठवायचं कसं, तर रिपोर्टसारखं. कोण गातंय. साथीला कोण. गाव कुठलं. काय गातंय. मला का आवडलं, एक ओळ. लिंक, फाइल नव्हे. पैसे देण्याची सोय कलाकाराने दिली असेल तर तीही. सात ओळींच्या वर नको, नाहीतर कुणी वाचणार नाही.

नाव माहीत नसेल तर शोधा. शोधूनही सापडलं नाही तर ग्रुपवर विचारा, ‘हे कोण?’ १९४९ च्या श्रोत्यांनी पत्रं लिहून विचारलं होतं. तेवढंही करायचं नसेल तर क्लिप स्वतः ऐका, आनंद घ्या, आणि पुढे पाठवू नका.

सेवेतल्या माणसावर सोशल मीडियाची बंधनं असतात आणि ती असायलाच हवीत. निवृत्तांवर ती नाहीत. तुमच्याकडे वेळ आहे, ओळखी आहेत, आणि हयातभर ज्यांनी रोल कॉलला प्रत्येकाचं नाव घेतलं ते गळे आहेत. त्यांचा उपयोग करा.

जय हिंद.