रस्त्यावरची दर्शनी हुंडी

ऑगस्ट १८८८. जर्मनीतील मॅनहाइम शहरातून बर्था बेंझ ही गृहिणी आपल्या दोन किशोरवयीन मुलांसह पहाटे घराबाहेर पडली. पती कार्ल झोपेत असतानाच त्यांनी बनविलेली तीन चाकांची मोटार तिने बाहेर काढली. जायचे होते माहेरी, शंभर किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या फोर्त्सहाइमला. मोटारीला १८८६ मध्येच पेटंट मिळाले होते. गिऱ्हाईक मात्र मिळत नव्हते. या उद्योगात बर्थाचा स्वतःचा पैसा होता. माहेरकडून मिळावयाच्या रकमेचा काही भाग तिने लग्नाआधीच मागून घेऊन कार्लचा डबघाईला आलेला कारखाना सावरला होता. म्हणून ही केवळ सहल नव्हती; अडकलेले भांडवल सोडविण्याचा तो प्रयत्न होता.

वाटेत इंधन संपले. विसलोख गावच्या औषधविक्रेत्याने डाग काढण्यासाठी विकले जाणारे लिग्रॉइन दिले आणि त्याच्यावर गाडी पुढे गेली. इंधनाची नळी तुंबली, ती बर्थाने हॅटच्या टाचणीने मोकळी केली. साखळी सैल झाली तेव्हा लोहार धावून आला. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराने त्यांवर चामडे ठोकून दिले. चढ आला की उतरून गाडी ढकलावी लागे. अंधार पडता पडता ती माहेरी पोहोचली आणि तिने पतीला तार केली. मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासाचे श्रेय बर्थाच्या धैर्याला आहेच. पण त्या औषधविक्रेत्याचा, लोहाराचा आणि चांभाराचाही त्यात वाटा आहे. यांतील कोणीही त्यापूर्वी मोटार दुरुस्त केलेली नव्हती.

नाशिककरांना हे चित्र परके वाटू नये. मुंबई-आग्रा रस्त्यावरचा कसारा घाट चढताना जुन्या गाड्यांचे रेडिएटर उकळू लागत. चालक बाजूला थांबून इंजिन निवण्याची वाट पाही. कुणी चाकामागे दगड लावी, कुणी पाण्याचा डबा आणून देई. पालिताण्याला अथवा श्रवणबेळगोळला निघालेल्या कुटुंबांना अशी माणसे वाटेत भेटतच आली आहेत.

या मदतीचा हिशेब कसा मांडावा? मेकॅनिकची मजुरी ही मजुरीच आहे. अडचणीत तो भेटला म्हणून ती आनंदाने द्यावी. घासाघीस तेथे शोभत नाही. परंतु ज्याने धक्का दिला, पाणी दिले, आपल्या ओसरीवर वृद्ध आईला बसविले, त्याला नोट देऊ केली तर तो दुखावतो. त्याचे देणे त्याला फेडता येत नाही. व्यापारी घराण्यांत दर्शनी हुंडीचा व्यवहार चाले. एका गावच्या पेढीने लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावच्या पेढीवर दाखविताच रक्कम मिळे आणि हिशेब मागाहून मिटे. हुंडी न स्वीकारणाऱ्या पेढीची पत जाई. रस्त्यावरची मदत ही तशीच दर्शनी हुंडी आहे. ती दाखविणारा अनोळखी असतो. तरी ती स्वीकारावी लागते, आणि तिची फेड तिसऱ्याच गावी, तिसऱ्याच माणसाला होते.

आता रस्ता बदलला आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला. ज्या घाटात गाड्या दम घेत, त्याला सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने पर्याय दिला आहे. वेळ वाचला, ही मोठी सोय झाली. मात्र दोन्ही बाजूंना कुंपण असलेल्या या मार्गावर ओसरी नाही, लोहार नाही. हुंडी आहे, पण स्वीकारणारी पेढी नाही. सपाट भागात ताशी १२० किलोमीटरपर्यंत धावणाऱ्या गाड्यांमध्ये मदतीसाठी मध्येच थांबणेही धोक्याचे.

म्हणून निघण्यापूर्वीची तयारी वाढविली पाहिजे. टायरची हवा आणि त्याचे वय तपासावे. स्टेपनीही विसरू नये. बिघाड झाल्यास गाडी डाव्या कडेला घेऊन इशाऱ्याचे दिवे लावावेत, सर्वांनी उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे आणि महामार्गाच्या मदत क्रमांकावर कळवावे. राष्ट्रीय महामार्गांवर हा क्रमांक १०३३ आहे. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४ अ संरक्षण देते. त्याच्यावर नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. पोलिसांच्या भीतीने पाठ फिरविण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही.

जुन्या रस्त्यांवर मात्र पेढ्या अजून उघड्या आहेत, आणि त्यांतील अनेक आपल्याच समाजाच्या आहेत. द्वारकेपासून चांदवड-मालेगावपर्यंत ज्यांची दुकाने रस्त्यालगत आहेत, त्यांनी एक गाळलेल्या पाण्याचा माठ, बसायला एक बाक आणि खात्रीच्या मेकॅनिकचा फोन क्रमांक दर्शनी भागात ठेवावा. खर्च किरकोळ आहे. आपल्या मुलांची गाडी परमुलखात बंद पडेल, तेव्हा तेथील अनोळखी दुकानदार जी हुंडी स्वीकारील, तिची भरपाई अशी आधीच झालेली असेल.