रसाचा पेला आणि भाजीचे अर्थकारण

शहरांतील बागांच्या दारांशी सकाळच्या वेळी दुधी, कारले, आवळा, बीट आणि गव्हांकुर यांच्या रसाचे पेले विकले जातात, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. बागेच्या दारावरचा हा पेला हळूहळू घरातही शिरला आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या वस्त्यांप्रमाणेच नवी मुंबईच्या दक्षिण टोकाला, कळंबोलीला लागून असलेल्या रोडपालीसारख्या गावांभोवती उभ्या राहिलेल्या नव्या वसाहतींतही रोज ताज्या भाजीचा रस घ्यावा, हा उपदेश घरोघर पोहोचला आहे. हा उपदेश मुळात चुकीचा नाही. चहा-साखरेने दिवसाची सुरुवात करण्यापेक्षा भाजीने करणे केव्हाही श्रेयस्कर. परंतु उपदेश करणारे एक गोष्ट गृहीत धरतात. चांगली भाजी, स्वच्छ पाणी, हातात पैसा आणि सकाळचा मोकळा वेळ प्रत्येक घरी आहेच, असे ते समजून चालतात. हे गृहीत तपासल्यावाचून आरोग्याची कोणतीही सवय सार्वत्रिक होऊ शकत नाही.

या विषयाला महाराष्ट्रात एक इतिहास आहे. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राशी गांधीजींचा निकटचा संबंध होता. परंतु शहरातील चिकित्सालय सधनांच्याच उपयोगी पडते, गरिबांसाठी काम करायचे तर खेड्यात गेले पाहिजे, या विचाराने ते मार्च १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे गेले. तेथे त्यांनी स्वतः रुग्ण तपासले आणि पुढील काम मणिभाई देसाई यांच्यावर सोपविले. सूर्यस्नान, कटिस्नान, साधा आहार ही तेथील उपचारांची साधने होती. खेड्यात जे सहज मिळते त्यातूनच आरोग्य साधावे, ही त्यामागील दृष्टी. रसाहाराला निसर्गोपचारात जे स्थान आहे ते या दृष्टीच्या संदर्भात समजून घेतले पाहिजे. आज तोच रस महागडे यंत्र, परदेशी भाजी आणि आकर्षक बाटली यांच्या संगतीने सधनांच्या चैनीची वस्तू होऊ पाहत आहे. गरिबांच्या उपचाराचा हा उलटा प्रवास समाजवाद्यांनी तरी दुर्लक्षू नये.

प्रथम रसाच्या गुणदोषांचा विचार करू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाकाठी सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. त्याच मार्गदर्शनात फळांच्या रसापेक्षा सबंध फळ बरे, असेही म्हटले आहे. कारण उघड आहे. रस गाळताना चोथ्याबरोबर तंतू निघून जातात. पोट भरल्याची जाणीव देणारा आणि साखर रक्तात सावकाश जाऊ देणारा भाग कचऱ्यात पडतो. म्हणून घरी रस करायचाच तर तो गाळू नये. काकडी, टोमॅटो, थोडे गाजर, कोथिंबीर-पुदिना स्वच्छ धुऊन वाटावा, लिंबू पिळावे, साखर घालू नये आणि लगेच प्यावा; ठेवलेल्या रसातील क जीवनसत्त्व घटत जाते. यासाठी हजारो रुपयांचे यंत्र लागत नाही; घरातील मिक्सर पुरतो, आणि तोही नसला तर किसणी व पंचाचा तुकडा पुरतो. एवढ्यावरच थांबायचे नसेल तर आपली कोशिंबीर रसाहून सरस आहे. किसलेल्या गाजरावर तेलाची फोडणी पडते तेव्हा त्यातील अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य शरीरात अधिक चांगले शोषले जाते. ज्या स्वयंपाकाने ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालविली, त्याला आरोग्याचे धडे बाटलीवरील चिठ्ठीतून घेण्याचे कारण नाही.

काही इशारेही स्पष्टपणे दिले पाहिजेत. दुधीचा रस आरोग्यदायी म्हणून फार लोकप्रिय झाला. परंतु कडू दुधीत विषारी द्रव्य असते. २०१० साली दिल्लीत असा रस प्याल्याने एक मृत्यू घडला आणि त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. २०१८ मध्ये पुण्यातही अशीच दुर्घटना घडली. दुधीची चकती आधी चाखावी. कडू लागली तर ती फेकून द्यावी आणि कारल्यासारख्या दुसऱ्या कडू रसात मिसळून तिचा कडवटपणा झाकू नये. रस प्याल्यावर मळमळ, उलट्या, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालविता रुग्णालय गाठावे. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी कच्च्या पालकाचा रस रोज घेऊ नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वैद्याला विचारल्यावाचून कोणताच रस सुरू करू नये. रस हे औषध नव्हे आणि चालू औषधाचा पर्याय तर मुळीच नव्हे.

आता हिशेब. गाजर-बीटासारख्या भाजीचा सुमारे निम्मा भाग रस म्हणून हाती येतो असे धरले, तर गाळलेल्या रसाच्या एका पेल्याला चारशे ग्रॅमच्या आसपास भाजी लागते. चौघांच्या कुटुंबाला दिवसाला १.६ किलो, महिन्याला ४८ किलो. किलोला ४० रुपये हा माफक भाव धरला तरी महिन्याचा खर्च १,९२० रुपये होतो. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रातील रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरविण्यात आली होती. म्हणजे नुसत्या रसासाठी सहा दिवसांहून अधिक मजुरी, आणि त्या भाजीचा निम्मा भाग चोथा म्हणून टाकून द्यायचा. न गाळलेला रस किंवा कोशिंबीर निम्म्या भाजीत भागते, हा अर्थशास्त्राचा साधा निष्कर्ष आहे. पण निम्मा खर्चदेखील ज्यांना झेपत नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाकडे आपल्या अर्थशास्त्राचेही दुर्लक्ष झाले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास मांडला, त्यात दिवसाला २,२५० उष्मांक हा मापदंड होता. उपाशी माणसाला प्रथम पोटभर अन्न हवे, हे त्यामागील तत्त्व रास्तच होते. परंतु पालेभाजीत उष्मांक नाममात्र असतात; त्यामुळे उष्मांकांनी मोजलेल्या दारिद्र्यात भाजीचा अभाव दिसतच नाही. पोट भरलेले पण रक्त फिके, अशी माणसे त्या रेषेच्या वर मोजली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि एका भाजीने तो हटणार नाही; तरीही हा आकडा ताटातील उणिवेकडे बोट दाखवितो.

रोडपालीचे उदाहरण घेतले की ही उणीव कशी निर्माण होते ते कळते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. या पट्ट्यात भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर आगरी-कोळी समाजाचे जीवन उभे होते. भात निघाल्यावर उरल्या ओलीवर वाल, परसात लाल माठ, मांडवावर दोडका-पडवळ, ही भाजी बाजारभावाच्या हिशेबात कधी आली नाही, पण ताटात येत होती. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पाच शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. पण मोबदल्याच्या कोणत्याच कोष्टकात परसातल्या भाजीचा रकाना नव्हता. जे कुटुंब भाजी पिकवीत होते ते तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून फिरून आलेली भाजी विकत घेऊ लागले.

दुसरा घटक पाण्याचा. रोडपालीच्या शेजारीच तळोजा औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्यालगत कासाडी नदी वाहते. ऑगस्ट २०१७ मध्ये या परिसरातील भटकी कुत्री निळ्या रंगाची दिसू लागली आणि देशभर बातम्या झाल्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक कारखाना बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न स्थानिक मच्छीमारांच्या बाजूने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. कुत्र्यांच्या अंगावरचा रंग डोळ्यांना दिसतो. पाण्यातून मातीत आणि मातीतून पालेभाजीत शिरणारे जड धातू दिसत नाहीत. भाजी धुतल्याने वरची माती आणि फवारणीचा काही अंश निघतो, आत शोषलेले विष निघत नाही. शिवाय रस कच्चा घेतला जातो. शिजविण्याने मरणारे जंतू आणि कृमींची अंडी कच्च्या रसात जिवंत राहतात. डॉ. पां. वा. सुखात्मे आयुष्याच्या उत्तरकाळात वारंवार सांगत असत की, अस्वच्छ पाणी आणि पोटातील जंत खाल्लेल्या अन्नाचा लाभ हिरावून घेतात. ज्या वस्तीत नळाचे पाणी बेभरवशाचे, तेथे कच्च्या रसाचा उपदेश करण्यापूर्वी पाण्याची मागणी केली पाहिजे.

तिसरा घटक भावाचा. २०२३ च्या उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यात टोमॅटोचे भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. त्याच वर्षी जुलैमध्ये शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला आणि सरकारला काही शहरांत सवलतीच्या दराने विक्री करावी लागली. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने पिकविणारा आणि खाणारा दोघेही नाडले गेले. साठवणूक, वाहतूक आणि थेट विक्रीची सहकारी व्यवस्था नसली की नाशवंत मालाच्या बाजारात असेच घडते. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत शहरी कुटुंबे भाज्यांवर एकूण खर्चाच्या सुमारे ३.८ टक्के, तर पेये व तयार खाद्यपदार्थांवर सुमारे १०.६ टक्के खर्च करीत असल्याचे आढळले. ग्रामीण भागातही अशीच तफावत आहे. जाहिरातीचे बळ ज्या मालामागे आहे तो माल घरात येतो. फळांच्या पुनर्निर्मित रसावर ‘शंभर टक्के रस’ असे छापणे थांबवावे, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये काढावा लागला, यावरून या जाहिरातींची प्रामाणिकता कळते.

चौथा घटक श्रमाचा, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. भाजी निवडणे, धुणे, चिरणे, वाटणे आणि भांडी घासणे ही कामे कोण करते? २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ८८ मिनिटे. कुटुंबाच्या आरोग्याची नवी सवय म्हणजे बहुधा स्त्रीच्या कामात आणखी अर्धा तास. पेला पिणाऱ्या पुरुषाने तो स्वतः करावा आणि मिक्सरही स्वतः धुवावा, एवढा समतेचा आरंभ तरी घरात होण्यास कोणत्याही कायद्याची गरज नाही.

मग करावे काय? पनवेल तालुक्यातच, तारा येथे, युसुफ मेहेरअली सेंटरने दवाखान्यापासून तेलघाणीपर्यंत ग्रामोद्योगाचे आणि आरोग्याचे काम उभे केले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी शंभराव्या वर्षी निधन पावलेले डॉ. जी. जी. पारीख यांनी तेथे आरोग्य, रोजगार आणि स्वावलंबन ही वेगळी खाती मानली नाहीत. त्याच धर्तीवर मागण्या मांडता येतील. सिडको आणि पनवेल महानगरपालिका यांनी वसाहतींतील मोकळ्या भूखंडांचा काही भाग प्रकल्पग्रस्त स्त्रियांच्या बचतगटांना भाजीसाठी द्यावा. मातीची आणि पाण्याची तपासणी करून तिचे निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळे घेऊन येणाऱ्या आदिवासी स्त्रियांना बाजारात हक्काची जागा मिळावी. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे भाजीचे प्रमाण अवघे ५० ग्रॅम आहे. ते वाढवावे आणि वाढीव भाजी जवळच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडून घ्यावी. आणि कासाडीत सांडपाणी सोडणाऱ्यांवरची कारवाई बातम्यांच्या लाटेपुरती न राहता नियमित व्हावी.

ज्यांना शक्य आहे त्यांनी रोज भाजीचा रस अवश्य घ्यावा. न गाळता, साखरेविना, आणि आपल्या हाताने करून. पण आपला पेला शुद्ध केला की आरोग्याचा प्रश्न सुटला, असे मानणे ही स्वतःची फसवणूक होईल. ती भाजी कुणाच्या तरी शेतातून येते, ते पाणी कुठल्या तरी नदीतून येते, आणि शेत व नदी यांचा निर्णय स्वयंपाकघरात होत नाही. तो जेथे होतो तेथे, ग्रामस्थांच्या सभेत आणि महानगरपालिकेच्या दारात, रोडपालीच्या जुन्या गावकऱ्यांनी व नव्या रहिवाशांनी एकत्र उभे राहिले पाहिजे.