दुबईच्या पोराच्या नावावर शेत? कुलमुखत्यारपत्रानं जमत नाही

पोरगा दुबईला, हातात पैसा, अन् शेजारचा एकर विकायला निघालेला. दलाल म्हणतो, "कुलमुखत्यारपत्र मागवा, खत करून टाकू." इथंच घोळ होतो. मुखत्यार फक्त सही करतो, मालक पोरगाच. अन् परदेशात राहणाऱ्याला १९९९ च्या फेमा कायद्यानं रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, सातबाऱ्यावर आधीच नाव असलं तरी. वारसानं आलेली ठेवता येते, एवढंच. सापडलं तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड. हे दलाल सांगणार नाही, त्याला कमिशन हवंय.

तालुक्याला फ्लॅट घ्यायला अडचण नाही. त्यासाठी पत्रावर तिथल्या भारतीय दूतावासाचा सही-शिक्का घ्या, इकडं आल्यावर ३ महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. पत्रात त्याच फ्लॅटचा नंबर टाका. पुढं विकायचा अधिकार सख्ख्या भावालासुद्धा लिहून देऊ नका.