गाडी उभी असली तरी हप्ता चालूच असतो

देगलूरच्या कुठल्याही गाडीमालकाला विचारा, "हैदराबाद ट्रीपला काय उरलं?" उत्तर ठरलेलं. भाड्यातून डिझेल गेलं, टोल-भत्ता गेला, सहा हजार उरले. पण हे उरलेले सहा हजार म्हणजे कमाई नव्हे. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्या बहुतेकांचा हिशोब इथंच थांबतो, म्हणून आज हे लिहितोय.

कागद-पेन घ्या. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे असतील तर ते घाला.

समजा सेकंडहँड दहाचाकी आहे. १५ लाखांचं कर्ज, चार वर्षं मुदत, महिन्याचा हप्ता ४०,००० च्या आसपास. विमा महिना ६,००० धरा. २०२२ च्या दरपत्रकात २० ते ४० टनांच्या मालगाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच वर्षाला ४३,९५० आहे, जीएसटी वेगळा. नॅशनल परमिट, टॅक्स, फिटनेस मिळून ३,०००. ड्रायव्हरचा पगार १८,०००. गाडी स्वतः चालवत असाल तरी हा पगार धरायचाच, कारण तेवढे दिवस दुसऱ्याची गाडी चालवली असती तर तो मिळालाच असता. पार्किंग आणि किरकोळ ३,०००. झाले महिन्याचे ७०,०००. कामाचे दिवस २५ धरले तर रोजचे २,८००. चाक फिरो न फिरो, हे जाणारच.

आता चालण्याचा खर्च. लिटरला चार किलोमीटर आणि डिझेल ९२ रुपये धरलं, तर किलोमीटरला २३ रुपये. टायरची झीज ३ रुपये, ऑइल-गॅरेज ३ रुपये. एकूण २९.

देगलूर ते हैदराबाद साधारण २०० किलोमीटर. जाऊन-येऊन ४००, म्हणजे ११,६००. टोल, भत्ता, हमाली, पावत्या २,५००. झाले १४,१००. भरणं, जाणं, खाली करणं, परत येणं यात तीन दिवस जातात, त्यांचे ८,४००. एकूण २२,५००. १८ टन माल असेल आणि गाडी रिकामी परत येणार असेल, तर क्विंटलला १२५ रुपयांखाली भाडं उचलणं म्हणजे खिशातून पैसे घालणं.

आणि आपण उचलतो किती? समजा १८,००० ला. तोंडी हिशोबात ६,३०० उरले, खऱ्या हिशोबात ४,५०० चा घाटा. महिन्यात अशा आठच ट्रीपा बसतात. टायर-गॅरेज धरून प्रत्येकीत ३,९०० सुटतात, म्हणजे ३१,२००. पाहिजेत ७०,०००. तूट ३८,८००.

मग तरी गाडी चालते कशी? स्वतः चालवून पगाराचे १८,००० वाचवले. टायर आणि गॅरेज "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ढकललं, त्यातून १९,२०० निघाले. तूट जवळपास भरली! म्हणजे ती भरतेय मालकाच्या झोपेतून आणि गुळगुळीत झालेल्या टायरातून. अकोला-संगारेड्डी महामार्गावर रात्री आपल्या लेकराबाळांच्या मोटारसायकलीही याच टायरांच्या बाजूनं जातात.

दुसरा मार्ग ओव्हरलोडचा. २०१८ मध्ये दहाचाकीची एकूण वजनमर्यादा २५ वरून २८.५ टन केली, तरी भाड्याच्या ओढाताणीत ती पुरत नाही. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि जादा टनामागे २,००० आहे. एकदा सापडला की पाच ट्रीपांचं सुटलेलं गेलं.

आयकर कायद्याची गंमत बघा. १९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एई अवजड गाडीचं उत्पन्न टनामागे महिना १,००० धरतं. म्हणजे आपल्या दहाचाकीचे २८,५००. गाडी महिनाभर उभी असली तरी धरतं! सध्याच्या सवलतींमुळे एका गाडीवाल्याला कर बसत नसेल, पण सरकारच्या कागदावर तो कमावतोय.

यातली सगळ्यात महागडी गोष्ट डिझेल नाही, थांबणं आहे. हैदराबादला माल खाली व्हायला दोन दिवस जास्त लागले की ५,६०० गेले, क्विंटलला ३१ रुपये. हे कोण देतं? कोणीच नाही.

काही जण म्हणतील, रिटर्न भाडं घ्या. घ्यावंच. परत यायचंच आहे, तर ७,००० मिळाले आणि एक दिवस जास्त गेला तरी परवडतं. पण तिकडची गाडी सिमेंट, खत घेऊन इकडे येते, तिच्यासाठी देगलूरचा माल हाच रिटर्न असतो. ती आपली तूर-सोयाबीन पडेल त्या भावात उचलते, आणि आडतीत तोच भाव आपल्याला सांगितला जातो. एकट्याने कितीही नेमका हिशोब केला तरी इथं तो तोकडा पडतो.

एसटीचं भाडं जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढलं. फेब्रुवारीत मुंबईच्या रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ झालं. तिथं खर्च मांडला जातो, त्यावर निर्णय होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६७ मध्ये मालवाहतुकीचं किमान-कमाल भाडं ठरवण्याचा अधिकारही राज्य सरकारला आहे. ट्रकवाल्यासाठी तो कधी वापरणार, हे आपल्या आमदार-खासदारांना विचारायला पाहिजे.

सरसकट किमान भाडं लगेच होणार नाही, मला माहीत आहे. ते ठरलं तर मालाचा भाव आणि शेतकऱ्याचा खर्च यावरही परिणाम होईल, तोही विचार लागेल. पण एक गोष्ट देगलूरमध्ये उद्याच होऊ शकते. गाडी पोचल्यापासून २४ तासांनंतर रोजचे २,८०० उभं राहण्याचे, असं बिल्टीवर लिहून घ्यायचं. दहा जणांनी ठरवलं तर आडतदार ऐकेल. एकाने म्हटलं तर दुसरी गाडी बोलावेल.

तोवर आपले दोनच आकडे केबिनमध्ये लिहून ठेवा. रोजचा उभा खर्च आणि किलोमीटरचा चालता खर्च. भाड्याचा फोन आला की हो म्हणायच्या आधी तिकडे बघा.