मूल गप्प आहे, म्हणजे विसरलं असं नाही

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गावं गाढ झोपेत होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि किल्लारी परिसरातली दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. वाचलेल्या मुलांच्या अंगावरच्या जखमा भरल्या असतील. पण अंधारात भिंत पडताना ज्याने ऐकली, त्या मुलाने पुन्हा छपराखाली निर्धास्त कसं झोपायचं?

असा धक्का बसायला भूकंपच व्हावा लागतो असं नाही. रस्त्यावरचा अपघात, घरातली मारहाण, कुणी केलेला नकोसा स्पर्श, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, यांपैकी काहीही पुरेसं असतं. घरच्यांचा आधार मिळाला की बरीच मुलं हळूहळू सावरतात. काहींच्या मनात मात्र तो प्रसंग पुन्हा पुन्हा घडत राहतो.

ही गोष्ट मूल आपल्याला शब्दांत सांगेलच असं नाही. समजा, सात वर्षांच्या मुलाने स्कूटरचा अपघात पाहिला. तो त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, पण रोज खेळण्यातल्या गाड्या एकमेकींवर आपटतो. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. आईचा पदर सोडत नाही. किशोरवयात चित्र वेगळं दिसतं: चिडचिड, मित्रांपासून तुटणं, अभ्यासातून लक्ष उडणं, कधी जिवावर बेतेल असं धाडस. आपण म्हणतो, ‘वयच तसं आहे’ किंवा ‘नाटकं करतोय’. आणि प्रेमानेच सांगतो, ‘विसरून जा आता.’

पण विसरणं त्याच्या हातात नसतं. उलट, या विषयावर घरात बोलायचं नाही, एवढंच तो त्यातून शिकतो.

मग काय करायचं? जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा शक्यतो मोडू नका. रात्री दिवा हवा असेल तर राहू द्या. खोदून खोदून विचारू नका, पण तो बोलू लागला की हातातला फोन बाजूला ठेवा. ‘यात तुझी काही चूक नव्हती’ हे त्याला स्पष्ट सांगा. कारण बरीच मुलं मनातल्या मनात दोष स्वतःकडेच घेतात.

महिना उलटला तरी दचकून उठणं, टाळाटाळ, भीती कायम असेल, तर बालमानसतज्ज्ञांना भेटा. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा ऐकली, तर महिनाभर थांबू नका, लगेच मदत घ्या. या त्रासावर उपचार आहेत आणि ते गुण देतात. टेलि-मानसची १४४१४ ही नव्हे, १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, क्रमांक नीट टिपून ठेवा. मूल संकटात असेल तर १०९८.

आज रात्री मूल झोपताना दोन मिनिटं त्याच्याजवळ बसा. काही विचारलं नाही तरी चालेल.